दृष्टांत आणि प्रचीती : ‘स्मृतिचित्रे’तील दैनंदिन प्रसंग व ख्रिस्ती श्रद्धा

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः दोन गोष्टींकडे वेधले जाते : एक, धर्मांतराची घटना आणि दुसरी, धर्मप्रसाराचा हेतू. या दोहोंच्या मध्ये एक विस्तीर्ण प्रदेश आहे आणि तो मात्र बराचसा दुर्लक्षित राहिला आहे. तो प्रदेश म्हणजे रोजचे जगणे. आजारपण, प्रवास, अन्नाची टंचाई, दाराशी आलेला पाहुणा, घरातील भांडण, मुलाचे दुखणे अशा साध्या घटनांमधून श्रद्धेचा अर्थ वाचण्याची रीत ख्रिस्ती परंपरेत जुनी आहे. प्रवचनात, नियतकालिकांतील बोधपर लेखनात आणि आत्मचरित्रांत ती सतत आढळते. या रीतीचे वाङ्मयीन स्वरूप काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला आहे.

प्रसंगातून बोध काढणे ही वरवर सोपी वाटणारी क्रिया आहे. प्रत्यक्षात तिच्यात एक धोका दडलेला असतो. बोध आधीच ठरलेला असेल आणि प्रसंग केवळ त्याच्या सोयीसाठी मांडलेला असेल, तर प्रसंगाचे स्वतःचे वजन नाहीसे होते. माणसे बाहुली होतात, दुःख उदाहरण होते. उलट प्रसंगाला त्याचे पूर्ण वजन दिले, तर त्यातून हवा तो बोध निघेलच याची हमी राहत नाही. मराठी ख्रिस्ती लेखकांनी हा पेच कसा हाताळला, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा प्रामुख्याने विचार केला आहे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’चा आधार तुलनेसाठी घेतला आहे.

२

या विवेचनासाठी लागणारी परिभाषा मराठीच्या आरंभकाळातच तयार झालेली आहे. चक्रधरस्वामींनी निरूपणात सांगितलेले दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त संकलित केले. त्यातील रचना त्रिविध आहे. प्रथम सूत्र, म्हणजे सिद्धांतवचन; नंतर दृष्टांत, म्हणजे लोकव्यवहारातील कथा; आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे त्या कथेचा सूत्राशी जुळवून दिलेला अर्थ. आंधळ्यांनी हत्ती चाचपून पाहण्याची गोष्ट स्वतः कितीही रंजक असली, तरी तिचे प्रयोजन दार्ष्टांतिकात पूर्ण होते. श्रोत्याला अर्थ शोधत भटकावे लागत नाही. गुरूच तो त्याच्या हाती ठेवतो.

येशूने सांगितलेल्या कथांसाठी मराठी ख्रिस्ती परिसरात ‘दाखला’ आणि ‘दृष्टांत’ हे दोन्ही शब्द रूढ आहेत. या कथांची सामग्री पूर्णतः घरगुती व शेतीची आहे : पेरणी करणारा माणूस, मोहरीचा दाणा, पिठात मिसळलेले खमीर, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी स्त्री. मात्र रचनेच्या दृष्टीने या सर्व कथा एकसारख्या नाहीत. पेरणाऱ्याच्या दाखल्याचे स्पष्टीकरण मत्तयाच्या शुभवर्तमानातील तेराव्या अध्यायात पुढेच दिलेले आहे. तेथे दार्ष्टांतिक आहे. लूकच्या पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राची कथा मात्र वेगळ्या रीतीने संपते. धाकटा मुलगा घरी परतला आहे, आत मेजवानी चालू आहे आणि थोरला भाऊ रुसून दाराबाहेर उभा आहे. बाप त्याची समजूत घालतो आणि कथा तेथेच थांबते. थोरला आत गेला की नाही, हे सांगितलेले नाही. अर्थ पुरा करण्याची जबाबदारी श्रोत्यावर येते, कारण बाहेर उभा असलेला भाऊ कदाचित तो स्वतःच असतो.

तात्पर्य, दार्ष्टांतिक देणारा आणि दार्ष्टांतिक श्रोत्यावर सोपवणारा असे दोन्ही प्रकार ख्रिस्ती परंपरेच्या मूळ ग्रंथातच आहेत. पहिल्याला आपण ‘दृष्टांत’ म्हणू आणि दुसऱ्याला ‘प्रचीती’. प्रचीतीला महाराष्ट्रात वेगळी पार्श्वभूमीही लाभली आहे. दळणकांडण, झाडलोट या कामांत विठ्ठलाला सोबतीला घेणारी जनाबाई किंवा मळ्यातील भाजीपाल्यात त्याला पाहणारा सावता माळी यांच्यासाठी रोजचे काम हे भक्तीचे उदाहरण नाही. ते भक्तीचे स्थानच आहे. नारायण वामन टिळकांनी आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो अशी भूमिका घेतली. तिच्यात ही पार्श्वभूमीही अंतर्भूत आहे असे म्हणावयास हरकत नाही.

३

‘यमुनापर्यटन’ १८५७ साली प्रसिद्ध झाले. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. म्हणजे ही कृती नवदीक्षिताच्या उत्साहाच्या काळातील आहे. अनेक अभ्यासक तिला मराठीतील पहिली कादंबरी मानतात. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासाला निघतात आणि ठिकठिकाणी त्यांना विधवांच्या दुःस्थितीचे दर्शन घडते. केशवपन, उपासमार, घरातील अवहेलना, फसवणूक अशा अनेक प्रसंगांची मालिका येथे उभी राहते.

या प्रसंगांची निवड धीट आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. ज्या काळी विधवेचे दुःख घराच्या आतच गाडले जात होते, त्या काळी पदमनजींनी ते मुद्रित गद्याचा विषय केले. परंतु रचना पाहता ती ‘दृष्टांतपाठा’च्या वळणाची आहे. प्रसंग घडतो, पतिपत्नी त्यावर संभाषण करतात आणि त्या संभाषणातून दार्ष्टांतिक निष्पन्न होते. भेटणारी विधवा पुढच्या मुक्कामापर्यंत कथेत राहत नाही. तिने दिलेला धडा मात्र पुढे नेला जातो.

कथेच्या उत्तरार्धात विनायकाचा मृत्यू होतो आणि इतरांच्या ज्या दुःखाकडे यमुना पाहत होती, ते तिच्याच वाट्याला येते. येथे दृष्टांताचे प्रचीतीत रूपांतर होण्याची शक्यता निर्माण होते. पाहणारी आता भोगणारी झाली आहे. पदमनजी या शक्यतेपाशी फार काळ थांबत नाहीत. यमुना ख्रिस्ती धर्म स्वीकारते, तिचा पुनर्विवाह होतो आणि कथा आपल्या प्रतिपादनाकडे पोचते. हे पदमनजींच्या प्रतिभेचे न्यून म्हणून नोंदवण्यापेक्षा त्यांच्या निकडीचे लक्षण म्हणून पाहणे अधिक न्याय्य ठरेल. विधवांची स्थिती बदलावी ही तातडीची गरज होती आणि तातडी असलेल्या लेखकाला अर्थ वाचकावर सोपवून थांबता येत नाही. दृष्टांताची रीत ही अशा निकडीची रीत आहे.

४

‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) त्या वेळी साठी ओलांडलेल्या होत्या. चिरंजीव देवदत्त यांनी वडिलांच्या चरित्रासाठी आईला आठवणी लिहावयास सांगितले आणि त्यातून हे लेखन आकाराला आले. म्हणजे मुळात ही सामग्री दुसऱ्याच्या चरित्रासाठी होती. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण लक्ष्मीबाई ‘माझ्या श्रद्धेची कहाणी’ सांगावयास बसलेल्या नाहीत. त्या घरात काय काय घडले ते सांगत आहेत.

पुस्तकाच्या आरंभी त्यांच्या वडिलांचे सोवळे येते. १८५७ च्या धामधुमीत कुटुंबावर ओढवलेल्या आघातानंतर या गृहस्थांचे शुद्धाशुद्धतेचे वेड पराकोटीला पोचले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घेतली जाईना. वाचक हे सारे हसत हसत वाचतो. लक्ष्मीबाईंचाही सूर हसराच आहे. पण या हसण्याखाली एक गंभीर निरीक्षण आहे : ज्या माणसाला भय वाटते, तो धुण्याचे थांबवू शकत नाही. सोवळे हा येथे केवळ आचार नसून भीतीचे घरगुती रूप आहे. लक्ष्मीबाई हे वाक्य कोठेही लिहीत नाहीत. तसे लिहिले असते, तर वडील हे एका प्रबंधातील उदाहरण झाले असते. न लिहिल्यामुळे ते वडील राहिले आहेत.

पुढे विवाह, टिळकांचा लहरी व संतापी स्वभाव, त्यांचे एकाएकी निघून जाणे, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणे हे सारे ओघाने येते. १८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत टिळकांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. काव्य आणि धर्म यांविषयी बोलणे झाले, त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. चरित्रकारांच्या दृष्टीने ही आगगाडीतील भेट निर्णायक आहे आणि तिच्यात ईश्वरी योजना पाहणे श्रद्धावंताला स्वाभाविकच वाटेल. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचताना आपल्याला याच घटनेची दुसरी बाजू दिसते. जी भेट टिळकांना प्रकाशाची वाटली, तिने घरी राहिलेल्या पत्नीच्या जगण्याचा आधार काढून घेतला. पतीच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाईंना काही वर्षे त्याच्यापासून दूर, नातेवाइकांच्या आश्रयाने काढावी लागली. पंढरपूर आणि नाशिक येथील तो काळ त्यांनी कोणतेही सांत्वनपर स्पष्टीकरण न जोडता लिहिला आहे.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ग्रंथलेखनाच्या वेळी लक्ष्मीबाई स्वतः ख्रिस्ती होत्या. तेव्हा ‘हे दुःख पुढील आनंदासाठीच होते’ असे म्हणणे त्यांना सहज शक्य होते. धार्मिक आत्मकथनात अशी वाक्ये मुबलक असतात. लक्ष्मीबाई भोगलेल्या दुःखाची किंमत नंतरच्या श्रद्धेच्या खात्यावर वळती करत नाहीत. माझ्या मते ‘स्मृतिचित्रे’ची नैतिक उंची या संयमात आहे.

५

पुन्हा एकत्र राहू लागल्यावर या घरात दोन आचार नांदू लागले. पती ख्रिस्ती, पत्नी आपले सोवळे सांभाळणारी. येथून पुढे लक्ष्मीबाईंमध्ये जो बदल झाला, त्याचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. जातिभेद प्रथम सुटला आणि ख्रिस्ताचा स्वीकार नंतर झाला. जात ही देवाने केलेली नसून माणसाने केलेली आहे, या निष्कर्षावर त्या आल्या आणि इतरांच्या हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. म्हणजे मत बदलण्यासाठी त्यांनी प्रथम धर्मसिद्धांत स्वीकारला आणि मग त्याला अनुसरून स्वयंपाकघर बदलले, असे झाले नाही. ज्या ठिकाणी वडिलांच्या भीतीने वास केला होता, त्याच पाण्याच्या भांड्यापाशी मुलीची भीती संपली. श्रद्धेचा निर्णय चर्चमध्ये नोंदला गेला. तो घडला चुलीपाशी.

‘दृष्टांतपाठा’च्या भाषेत सांगावयाचे तर येथे सूत्र शेवटी येते, दृष्टांत हे स्वतःचे आयुष्य असते आणि दार्ष्टांतिक लिहिलेच जात नाही. खमीर मिसळणारी किंवा नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी स्त्री शुभवर्तमानात दाखल्यातील पात्र म्हणून येते. ‘स्मृतिचित्रे’त ती पात्र न राहता निवेदक झाली आहे. कथेतील स्त्रीच बोलू लागली म्हणजे कथेचा बोध बाहेरून सांगणारा कोणी उरत नाही.

बाप्तिस्म्यानंतरच्या भागातही हीच रीत टिकते. टिळकांच्या घरी पाहुणे, विद्यार्थी, निराधार मुले यांचा राबता असे. बालकवी ठोमरे यांनाही अहमदनगरला याच घराचा आश्रय लाभला. परोपकाराचा धडा म्हणून हे सारे सहज मांडता आले असते. लक्ष्मीबाई मात्र सांगतात ती संसाराची ओढाताण : घरात पुरेसे नसताना माणसे वाढत जाणे, पतीच्या उदारपणाचा हिशेब पत्नीने जुळवणे, त्यापायी झालेली भांडणे. टिळकांची दानशूरता खरी आहे आणि तिने पत्नीला दमवले हेही तितकेच खरे आहे. या दोन सत्यांपैकी एकाला दुसऱ्याखाली झाकणे त्यांना मान्य नाही. शेजाऱ्यावर प्रेम करण्याच्या आज्ञेत शिधा पुरवण्याचा प्रश्नही येतो, हे मराठीत इतक्या निरोगी विनोदाने क्वचितच कोणी दाखवले असेल.

६

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, ‘स्मृतिचित्रे’ हे मुळात धार्मिक पुस्तकच नव्हे. त्यातील मौनाला श्रद्धेचे रूप म्हणणे ही अभ्यासकाची पदरची भर आहे. याला उत्तर लक्ष्मीबाईंच्याच अन्य लेखनात मिळते. टिळकांनी आरंभ केलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य त्यांच्या मृत्यूनंतर (१९१९) लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. प्रत्यक्ष धार्मिक काव्याचा प्रकार त्यांना परका नव्हता. जेथे ख्रिस्ताची कथा सांगावयाची तेथे त्यांनी ती उघडपणे सांगितली. स्वतःची कथा सांगताना मात्र बोध आवरला. हा फरक अजाणतेपणाचा मानण्याचे कारण दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. या आठवणी घटनांनंतर तीस-चाळीस वर्षांनी लिहिल्या गेल्या आहेत. स्मृती निवड करते आणि निवड हाही एक प्रकारचा अर्थ लावणेच आहे. मग प्रचीती आणि दृष्टांत यांतील भेद केवळ निवेदनकौशल्याचा उरतो काय? स्मृती निर्मळ नसते, हे मान्य. परंतु निवड कोणत्या दिशेने झाली आहे, हे पाहता येते. बोधाच्या सोयीसाठी निवड करणारा निवेदक गैरसोयीचे तपशील वगळतो. लक्ष्मीबाईंनी गैरसोयीचेच तपशील राखले आहेत. पूर्वाश्रमीचे नातेवाईक केवळ कर्मठ म्हणून रंगवलेले नाहीत. संकटात त्यांनी दिलेला आधारही नोंदला आहे. श्रद्धेला अडचणीचे ठरणारे सत्य श्रद्धावंतानेच सांगावे, यापेक्षा विश्वासार्ह साक्ष दुसरी कोणती असणार?

७

ही रीत लक्ष्मीबाईंपाशी संपली नाही. मराठी ख्रिस्ती लेखनाचा पुढील विस्तार पाहताना वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे उदाहरण सहज आठवते. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन, ‘सुबोध बायबल’ आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद यांमुळे ते सर्वपरिचित झाले. २०२४ साली त्यांचे निधन झाले. वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठी झालेल्या चळवळीतही त्यांचा पुढाकार होता. विहीर, वाडी आणि जमीन यांचा प्रश्न हा श्रद्धेचाच प्रश्न आहे, ही त्यामागील धारणा. लक्ष्मीबाईंच्या घरातील पाण्याचे भांडे येथे गावाच्या विहिरीपर्यंत आले असे म्हणता येईल. दोन्ही ठिकाणी पाण्याजवळ विचारलेला प्रश्न एकच आहे : माझा शेजारी कोण?

८

या विवेचनाचा अध्यापनाशी निकटचा संबंध आहे. ‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकवताना दोन टोके गाठली जातात. काही वेळा ते विनोदी व्यक्तिचित्रांचे पुस्तक म्हणून शिकवले जाते आणि त्यातील श्रद्धेचा भाग ‘लेखिकेची वैयक्तिक बाब’ म्हणून बाजूला ठेवला जातो. काही वेळा, विशेषतः धार्मिक परिसरात, ते धर्मसाक्ष म्हणून वाचले जाते आणि त्यातील हसू, राग, वंचना यांकडे काणाडोळा होतो. दोन्ही वाचनांत पुस्तकाचा अर्धा भाग हरवतो. विनोद हा येथे श्रद्धेवरचा मुलामा नाही. स्वतःवर हसता येणे, पतीला साधू न करता त्याच्यावर प्रेम करणे आणि झालेल्या दुःखाला खोटे समर्थन न देणे, हेच या श्रद्धेचे रूप आहे.

प्रसंगातून श्रद्धेचा बोध देणारे कोणतेही लेखन तपासताना विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावेत असे सुचवावेसे वाटते. पहिला : बोध वगळला तरी प्रसंग उरतो काय? दुसरा : या बोधाची किंमत कोणी मोजली, आणि त्या व्यक्तीला लेखनात बोलू दिले आहे काय? तिसरा : याच प्रसंगातून वेगळा अर्थ निघण्याची शक्यता लेखकाने खुली ठेवली आहे काय? ‘यमुनापर्यटन’ पहिल्या प्रश्नाला बऱ्याच अंशी उतरते, कारण त्यातील विधवांचे दुःख बोधावाचूनही वाचकाच्या मनात राहते; दुसऱ्या प्रश्नापाशी ते अडखळते आणि तिसरा त्याच्या निकडीला परवडणारा नव्हता. ‘स्मृतिचित्रे’ तिन्ही प्रश्नांना सामोरे जाते. हे निकष केवळ ख्रिस्ती लेखनापुरते मर्यादित नाहीत. संतचरित्रे, कार्यकर्त्यांची आत्मकथने, प्रबोधनपर कथा या सर्वांना ते लावून पाहता येतील.

मराठी ख्रिस्ती वाङ्मय आपल्या अभ्यासक्रमांत पुष्कळदा ‘प्रवाह’ म्हणून स्वतंत्र घटकात टाकले जाते आणि परीक्षेपुरते उरते. चक्रधरांचे दृष्टांत, जनाबाईचे जाते आणि लक्ष्मीबाईंचे स्वयंपाकघर एकाच प्रश्नाच्या संदर्भात शेजारी ठेवून वाचले, तर हा प्रवाह मुख्य पात्रापासून फारसा दूर वाहत नव्हता हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात येईल. रोजच्या जगण्याला अर्थ आहे, असे या सर्वांनीच मानले. त्यांतील मोजक्यांनी तो अर्थ सांगून टाकण्याचा मोह आवरला. लक्ष्मीबाई टिळक त्या मोजक्यांपैकी एक होत.